पायाळूची जागा

सपनाच्या उजव्या पायाला कुरुंद्यात जितका मान होता, तितका सपनाला कधीच मिळाला नाही. जन्मताना तिचे पाय आधी आले आणि डोके मागून. अशा मुलाला पायाळू म्हणतात, आणि पायाळूची लाथ बसली की कमरेत भरलेली उसण निघते, हे गावाला कोणत्याही शास्त्रापेक्षा अधिक खात्रीने ठाऊक होते. त्यामुळे वयाच्या पाचव्या वर्षापासून तिला निरनिराळ्या अंगणांत नेण्यात येई. उसण भरलेला मनुष्य गोणपाटावर पालथा पडे आणि ती त्याच्या कमरेवर तीन लाथा मारी. हलक्या, मोजून, मनात काही न आणता. शेवटची अट तिच्या आजीची, सोजराबाईची. मनात राग असला तर गुण येत नाही, असे ती म्हणे.

गावातल्या सर्वांत मोठ्या हळदीच्या मळ्याचे मालक दादासाहेब यांच्याकडे सपनाचा आजा कोंडीबा तीस वर्षे राबला होता. त्या तीस वर्षांत त्याने ओसरीच्या पलीकडचे घर पाहिले नव्हते, आणि पाणी मिळे ते वरून ओंजळीत. परंतु दादासाहेबांना उसण भरली की ते उघड्या पाठीने अंगणात पालथे पडत आणि कोंडीबाच्या नातीला बोलावणे धाडत. ज्या पोरीच्या हातचे पाणी त्या घराला चालत नव्हते, तिच्या तळव्याची धूळ त्या घराच्या कमरेला चालत होती. हाताला एक नियम आणि पायाला दुसरा, हा भेद कोणत्या धर्मग्रंथाने केला हे कोणी लिहून ठेवलेले दिसत नाही. बहुधा उसणीनेच केला असावा. तिसरी लाथ झाली की दादासाहेबांच्या घरातून कोणीतरी येई आणि गुळाचा खडा वरून तिच्या हातावर टाकी. स्पर्श न होईल इतक्या उंचीवरून गूळ नेमका तळहातावर पाडण्याचे कौशल्य त्या घरात पिढीजात होते.

हा त्या समजुतीचा पूर्वार्ध झाला. उत्तरार्ध असा, की वीज पायाळूला हुडकत येते. पायाळू घरात असेल तर घर जाते, झाडाखाली असेल तर झाड.

कोंडीबाने तरुणपणी धम्मदीक्षा घेतली होती. घरातले सारे देव त्याने एका सकाळी टोपलीत भरून ओढ्यात सोडले होते, आणि त्या सकाळचा त्याला आयुष्यभर रास्त अभिमान होता. देव्हारा रिकामा झाला. ही एक समजूत मात्र आढ्यात राहून गेली, कारण तिला मूर्ती नव्हती आणि ओढ्यात सोडायला हाताशी काही लागत नव्हते. आभाळ भरून आले की कोंडीबा आधी गोठ्यातली म्हैस सोडून आणी आणि घराच्या ओसरीत बांधी. मग पोत्याची खोळ डोक्यावर देऊन नातीला त्या रिकाम्या गोठ्यात पाठवी. घर आणि गोठा यांत चाळीस पावलांचे अंतर होते. हा क्रम कधी चुकला नाही. म्हैस दुभती होती.

एकोणीसशे नव्वदच्या आश्विनात, परतीच्या पावसात, सपना आठ वर्षांची असताना वीज खरोखरच पडली. गोठ्यावर नाही आणि घरावरही नाही. घर आणि गोठा यांच्या मधोमध सपनाची आई द्वारकाबाई होती, तिच्यावर पडली. बाप उसाच्या तोडीवर गेलेला होता. तो तिसऱ्या दिवशी आला, वर्षभराने दुसरे लग्न करून परळीकडे राहायला गेला, आणि या गोष्टीतूनही गेला. निर्णय मात्र बाप येण्यापूर्वीच झाला होता. पायाळूने माय खाल्ली. तिरडी बांधताना कोणीतरी हे वाक्य बोलले, कोंडीबा त्यावर "व्हय" म्हणाला, आणि खटला संपला. आरोपी कोपऱ्यात ओली खोळ पांघरून बसलेली होती. तिला कोणी काही विचारले नाही. तिने वाक्य मात्र नीट ऐकले.

आठ वर्षांचे मूल वाक्य ऐकते तेव्हा ते त्याचा पुरावा मागत नाही. ते पुरावा पुरवते. आपण गोठ्यात रडलो होतो, हे सपनाला आठवले. रडण्याचा आवाज विजेने ऐकला असणार. आपण गेल्या पावसात एकदा चोरून घरात शिरलो होतो, तेव्हाच विजेने घर पाहून ठेवले असणार. अशा रीतीने तिने स्वतःविरुद्धचे प्रकरण एखाद्या कष्टाळू वकिलासारखे उभे केले, आणि शेवटी ते एका ओळीत बसवले. मी जवळ असले की माझे माणूस मरते. पुढे शाळा झाली, बारावी झाली, शिवणाचा कोर्स झाला. ती ओळ कोणत्याही अभ्यासक्रमात नव्हती, त्यामुळे कोणत्याही परीक्षेत तपासली गेली नाही.

*

दोन हजार आठ साली सपना सव्वीस वर्षांची होती आणि हिंगोलीत राहत होती. नवरा रत्नपाल टेलिफोन खात्यात लाइनमन. मुलगी ऐश्वर्या पाच वर्षांची, बालवाडीत. घरमालकीण नानीबाई ही एकटी विधवा बाई. तिच्या घराला लागून असलेल्या पत्र्याच्या दोन खोल्या त्यांनी भाड्याने घेतल्या होत्या. सपना घरी ब्लाउज शिवी, आणि तिच्या हातचा गळा बिघडत नाही अशी गल्लीत ख्याती होती.

वर्षातून पाच महिने या घरात काही वावगे नव्हते. एप्रिलपासून मात्र सपनाची नजर शिवणयंत्रावरून खिडकीकडे वारंवार जाऊ लागे. ढग पश्चिमेला हाताएवढा असला तरी तिच्या छातीत धडधड सुरू होई आणि बोटे बधिर होत. आभाळ गडगडले की ती हातातले काम टाकून उठे, दार ओढून घेई आणि घरासमोरच्या मोकळ्या प्लॉटच्या मध्यावर जाऊन उभी राही. डोक्यावर पदर, अंगावर पाऊस, भोवती कोणीही नाही. पाऊस थांबला की परत येई, केस पुसून पुन्हा यंत्रावर बसे. कोंडीबा आता तिला बाहेर काढायला नव्हता. त्याची आवश्यकताही उरली नव्हती. ते काम तिने स्वतःकडे घेतले होते.

नानीबाईला या प्रकारात काही विचित्र वाटले नाही, हे विशेष. तिला वर्षातून चार वेळा उसण भरे, आणि ती आपल्या फरशीवर पालथी पडून सपनाला हाक मारी.

"मार पोरी. तुझा पाय म्हंजे दवाखाना हाय बघ."

"मावशी, गोळी घ्या न एखादी."

"गोळीनं पोट बिघडते. तुझ्या पायानं काय बिघडते? फकस्त आभाळ आलं की हा दवाखाना बंद. तेवढी तू समजदार हायस, बाप्पा, न सांगता निघून जातीस."

रत्नपाल निराळ्या स्वभावाचा होता. त्याला प्रत्येक बिघाडाचे कारण हवे असे आणि ते सापडते असा त्याचा अनुभव होता. लग्नानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात त्याने बायकोला कागदावर आकृती काढून दिली.

"हे बघ. वीज उंच वस्तू धरते. खांब, झाड, टॉवर. माणूस डोक्यानं जन्मला का पायानं, हे तिला कोण सांगायला जाते? आमच्या खांबाला अर्थिंगची तार असते. पडली तर सरळ जमिनीत."

सपनाने आकृती लक्षपूर्वक पाहिली. "अन् मोकळ्या जागेत खांब नसला तर?"

"तर मंग जे उंच असंल ते."

"म्हंजे प्लॉटात मी उभी राहिले तर माझ्यावर पडंल. घरावर न्हाई पडणार."

"अगं, तेच तर सांगून राहिलो, प्लॉटात नको उभी राहू."

"तेच तर मी करून राहिले," सपना म्हणाली.

रत्नपालने आकृती घडी करून खिशात ठेवली. त्याला प्रथमच असे वाटले की बिघाड तारेत नाही. विज्ञान तिने समजून घेतले होते, पटवूनही घेतले होते, आणि जुन्या वाक्याच्या सेवेत रुजू केले होते. सुशिक्षितांचा असा भ्रम असतो की समजूत म्हणजे माहितीचा अभाव. माहिती ओतली की भांडे भरते. भांडे मुळात भरलेलेच असते. माहिती काठावरून सांडते आणि ओतणारा श्रोत्याला अडाणी ठरवतो. रत्नपालने तिला अडाणी ठरवले नाही, एवढे श्रेय त्याला दिले पाहिजे.

त्या वर्षीच्या भाद्रपदात ऐश्वर्या आईच्या मागे धावली.

सपनाने दार ओढले होते, कडी घालायची राहिली होती. ती प्लॉटच्या मध्यावर पाठमोरी उभी होती. पोर अनवाणी, फ्रॉक भिजलेला, रस्ता ओलांडून निम्म्या वाटेवर आली, आणि नानीबाईने तिला दंडाला धरून मागे ओढले. सपनाने वळून पाहिले तेव्हा नानीबाई पोरीला खाकेत मारून घरात नेत होती. सपना जागची हलली नाही. हलली असती तर पोरीजवळ गेली असती.

पाऊस उघडल्यावर ती आत आली, तो नानीबाईच्या स्वयंपाकघरात ऐश्वर्या ताट घेऊन बसलेली होती आणि न चावता पोळीचे घास गिळत होती. डोळ्यांत पाणी आलेले, तरी गिळत होती.

"हळू खा, ठसका लागंल," नानीबाई म्हणत होती. "भूक लागली व्हती का एवढी?"

"नाही. मी ताटात टाकते ना, म्हणून मम्मी बाहेर जाते. मी आता सगळं खाते." मग जरा विचार करून तिने जोडले, "काल पण सगळं खाल्लं होतं. भाजी टाकली होती फक्त."

सपना उंबऱ्यात उभी होती. तिच्या केसांतून पाणी टपकत होते. जे तिला अठरा वर्षांत कोणी दाखवून दिले नव्हते, ते पाच वर्षांच्या मुलीने पोळी गिळता गिळता दाखवले. एक ओळ तयार होत होती. तिच्या डोळ्यांदेखत, साध्या तर्काने, कुणाच्याही वाईट हेतूशिवाय. काल भाजी टाकली होती. उद्या भाजीही खाल्ली जाईल आणि आई तरीही बाहेर जाईल. मग दोष ताटात नाही, माझ्यातच आहे, एवढी एकच पायरी उरली होती.

त्या दिवशी संध्याकाळी ती रत्नपालला म्हणाली, "दवाखान्यात न्या मला."

*

दर गुरुवारी नांदेडहून एक मनोविकारतज्ज्ञ बाई हिंगोलीला येत. त्यांनी तासभर ऐकले, आजाराची दोन नावे सांगितली, आणि रोज सकाळी घ्यायची एक छोटी गोळी लिहून दिली. नावे ऐकून रत्नपालला बरे वाटले. तक्रार नोंदली गेल्यासारखे. डॉक्टरीणबाई मात्र नावांवर थांबल्या नाहीत. त्यांनी सपनाला तिचे वाक्य लिहायला लावले. ती ओळ प्रथमच कागदावर आली, आणि सपनाला लाज वाटली, कारण ती तिला वाटली होती त्यापेक्षा फार लहान होती.

"हे तुम्हाला किती टक्के खरं वाटतं?"

"शंभर."

"बरं. मग मी त्याच्याशी भांडत नाही," बाई म्हणाल्या. "मला फक्त तो दिवस कागदावर काढून दाखवा. घर कुठं, गोठा कुठं, कोण कुठं होतं. जितकं माहीत असेल तितकं."

सपनाने चार गुरुवार त्या कागदावर काम केले. तिने घर काढले, गोठा काढला, चाळीस पावलांची वाट काढली. गोठ्यात एक ठिपका, तो स्वतःचा. घरात आजा, आजी. ओसरीत म्हैस. आई वाटेवर. बाई फक्त प्रश्न विचारत. पाऊस कधी सुरू झाला? आई आधी कुठं होती? चौथ्या गुरुवारी त्यांनी आईच्या ठिपक्यावर पेन्सिलीचे टोक ठेवले.

"या इथं का होत्या?"

अठरा वर्षांत सपनाने आईला सहस्र वेळा त्या वाटेवर पडलेले पाहिले होते. आई त्या वाटेवर चालत आली कशी, हे एकदाही पाहिले नव्हते.

"म्हाईत न्हाई."

"कोणाला माहीत असेल?"

*

कुरुंद्याला ती एकटीच गेली. दसरा चार दिवसांवर होता. कोंडीबा ऐंशीचा झाला होता आणि ओसरीत पोत्यावर पालथा पडलेला होता.

"कोण हाय? सपना? बरं झालं आलीस," तो मान न वळवता म्हणाला. "तीन दिस झाले, उसण भरली. बसताबी येऊन न्हाई राहिलं. मार लाथा."

"लाथ न्हाई मारत, आबा. तेल लावून देते."

"तेलानं काय व्हते? तेल तं बुढीबी लावते."

"बुढीच्या हाताला गुण न्हाई न," सोजराबाई चुलीपाशी भाकरी थापता थापता म्हणाली. "साठ वर्सं झाली लावून राहिले. ह्यांची पाठ माझा हात वळखतच न्हाई."

सपनाने बाटलीतले तेल तळहातावर घेतले आणि आज्याच्या कमरेला लावले. त्या पाठीला तिने यापूर्वी कधी हात लावल्याचे तिला आठवेना. कातडी सैल होती, खाली हाडे. तिला त्याचे तोंड दिसत नव्हते, त्याला तिचे; त्यामुळे विचारणे थोडे सोपे झाले.

"आबा, त्या दिवशी म्हैस कुठं होती?"

"कोणत्या दिवशी?"

"तुमाला म्हाईत हाय कोणत्या."

"म्हैस ओसरीत. हितंच. तुझ्या पायापाशी खुंटा व्हता."

"तुमी?"

"आमी आत. बुढी, मी, तुझी माय. सारे आतच व्हतो."

"मंग माय बाहेर काहून गेली?"

तिच्या तळव्याखाली पाठ ताठ झाली. भाकरी थापण्याचा आवाज थांबला.

"सांगा न आता," सोजराबाई म्हणाली. मग तिनेच सांगितले. "लेकरू एकलं हाय, रडून राहिलं, म्हनली. उठली. ह्यांनी बसवलं तिला. अजून एक गडगडलं तशी परत उठली. ह्या खेपेला पदर खोचून उठली. म्हनली, म्हैस आत अन् लेकरू बाहेर, हे कोणतं घर हाय. अन् गेली."

"म्या म्हणलो जाऊ नको," कोंडीबा पोत्यात तोंड घालून म्हणाला.

"व्हय, म्हणले. तेबी खरं हाय."

सपनाचा हात चालूच होता. तिचा आवाज तिला स्वतःलाच परक्यासारखा ऐकू आला, शांत, मोजून मापून. "आबा, मी आत असते तर माय उठली असती का?"

ओसरीच्या खाली कोंबडी माती उकरत होती. कोंडीबाने त्या कोंबडीकडे मान वळवली.

"न्हाई," तो म्हणाला. "कशाला उठती."

"मंग मी खाल्ली म्हणून काहून सांगितलं?"

"म्या न्हाई सांगितलं. गाव म्हणून राहिलं व्हतं. म्या व्हय म्हणलो." त्याने श्वास घेतला. "न्हाई म्हणलो असतो तं मंग कोणी खाल्ली, ते सांगावं लागलं असतं. तू आठ वर्साची. म्हणलं, लेकराला काय कळते."

"मला तेवढंच कळलं, आबा."

तो रडला नाही. सोजराबाई रडली, पण तिने पुन्हा पीठ हातात घेतले आणि थापायला लागली, कारण तव्यावरची भाकरी करपत होती. सपनाने आज्याला क्षमा केली नाही आणि शापही दिला नाही. दोन्ही गोष्टींना पुरेसा वेळ मिळेल असे तिला वाटले. तेल हातावर घेतलेले होते, ते तिने पाठीत जिरवले.

"उसण निघाली का?" तिने विचारले.

"निघल्यावाणी वाटते," कोंडीबा म्हणाला. "आणखी थोडं चोळ."

परतीच्या एस.टी.त तिने कागद काढला. काही बदलण्याजोगे नव्हते. सगळे ठिपके होते तिथेच होते. तिने फक्त घरातून वाटेकडे एक बाण काढला. वीज पायाळूला हुडकत आली नव्हती. पायाळूला हुडकत आई आली होती. समजुतीने लेकराला बाहेर काढले, लेकरामागे आईला बाहेर काढले, आणि मग आईचे मरण पुराव्यादाखल सादर करून स्वतःलाच खरे ठरवले. इतकी निर्दोष रचना विद्यापीठांतल्या प्रबंधांतही क्वचित आढळते. सपनाला प्रबंधांची माहिती नव्हती. तिला फक्त एवढे दिसले की बाणाच्या एका टोकाला आता ती स्वतः उभी आहे आणि दुसऱ्या टोकाला अनवाणी पायांची एक पोर.

*

हे कळल्याने ती बरी झाली असे लिहिणे सोयीचे होईल, पण खोटे होईल. पुढच्या गुरुवारी वाक्य किती टक्के खरे, असे बाईंनी विचारले, तेव्हा सपनाने चाळीस सांगितले. आणि छाती कशी आहे, असे विचारले, तेव्हा आभाळ आले की पूर्वीइतकीच धडधडते, असे सांगितले.

"धडधडू द्या," बाई म्हणाल्या. "छातीला अजून कळलेलं नाही. तिला सांगून कळत नाही, दाखवावं लागतं. पुढचं आभाळ येईल तेव्हा आत थांबायचं. भीती शंभरातली किती आहे ते मोजायचं, आणि थांबायचं. ती चढते, आणि थांबलं तर उतरते. उतरताना तुम्ही आजवर कधी पाहिलेलीच नाही."

ऐश्वर्याला तिने दोनदा समजावले होते की पोळीचा आणि पावसाचा काही संबंध नाही. ऐश्वर्याने मान हलवली होती आणि ताट चाटूनपुसून साफ करणे चालू ठेवले होते. बोललेल्यापेक्षा पाहिलेल्यावर विश्वास ठेवण्याची ती पद्धत सपनाच्या चांगल्या ओळखीची होती. तेव्हा आता बोलण्याने भागणार नव्हते.

पुढचे आभाळ कोजागरीच्या दोन दिवस आधी आले, दुपारी चार वाजता. रत्नपाल पुसेगावकडे तार जोडायला गेला होता. ऐश्वर्या बालवाडीतून येऊन जेवायला बसली होती. पश्चिम काळी झाली, वारा सुटला, घरातले दिवे गेले, आणि पहिला गडगडाट झाला तेव्हा सपना दारात होती, हात कडीवर.

साठ, तिने मोजले. तिने कडी लावली आणि दाराला पाठ टेकून खाली बसली. सत्तर. बोटे बधिर झाली. मग लखकन उजेड पडला आणि भांडी थरथरली. नव्वद. सगळे शरीर एकच गोष्ट सांगत होते, की ऊठ, जा, पोर आत आहे. ऊठ. अंगातल्या त्या आज्ञेला ती अठरा वर्षे माया समजत आली होती. पंच्याण्णव.

समोर ऐश्वर्या जेवायची थांबली होती. तिने आईकडे पाहिले, दाराकडे पाहिले, मग ताटाकडे. ताटात अर्धी पोळी होती. तिने ती उचलली, तोंडाशी नेली, आणि पुन्हा ताटात ठेवली. मग ताट दोन्ही हातांनी दूर सरकवले, आणि हात मांडीत घेऊन, डोळ्याची पापणी न लववता, आईकडे पाहत बसली.

सपनाला समजले. तिची परीक्षा घेतली जात होती, आणि परीक्षक डॉक्टरीणबाईंपेक्षा कडक होता.

"पुरे झालं का पोट?" तिने विचारले. आवाज फाटला, पण निघाला.

"हो."

"बरं. हात धुऊन घे."

ऐश्वर्याने लोटीतल्या पाण्याने तिथेच हात धुतले आणि आईजवळ आली, पण मांडीवर बसली नाही. वीतभर अंतर ठेवून बसली. पुन्हा कडाडले. सपनाने ते वीतभर अंतर स्वतःच्या हाताने कमी केले. पोरीला ओढून मांडीवर घेतले. अठ्ठ्याण्णव. यापेक्षा मोठा आकडा तिच्याजवळ उरला नव्हता. ती थांबली. पोरीच्या केसांना बालवाडीतल्या खडूचा वास होता. किती वेळ गेला ते तिने मोजले नाही, ती आकडा मोजत होती. पंच्याण्णव. परत सत्त्याण्णव. नव्वद. पाऊस पत्र्यावर तसाच कोसळत होता, विजा तशाच पडत होत्या, आणि ऐंशी. तिला हे नवीन होते. आभाळ न उतरता भीती उतरत होती.

"मम्मी, नानीआजी बाहेर उभी आहे," ऐश्वर्या खिडकीकडे बोट करून म्हणाली.

खरेच होते. नानीबाई स्वतःचे पक्के घर सोडून फाटकाशी छत्री धरून उभी होती. छत्री वाऱ्याने उलटी होत होती आणि ती तिला पुन्हा सुलटी करत होती. तिने सपनाला बाहेर जाताना पाहिले नव्हते, आणि त्यावरून जे समजायचे ते समजून तिने घर रिकामे केले होते.

सपना उठली. तिने पोरीला कडेवर घेतले, दाराची कडी काढली आणि उंबऱ्याच्या आत थांबली.

"मावशी, आत या."

"तू आत हायस न?" नानीबाई ओरडून म्हणाली.

"व्हय."

"म्हणूनच मी बाहेर हाय."

"मी आतच राहणार हाय, मावशी. आजबी अन् पुढच्या पावसातबी. तुमी किती दिवस फाटकापाशी राहता?"

पुन्हा उजेड झाला.

"छत्रीची काडी लोखंडाची हाय," सपना म्हणाली. "ऐशूचे पप्पा सांगत होते, लोखंडाची काडी उंच धरून उभं राहू न्हाई."

नानीबाईने छत्रीकडे पाहिले, आभाळाकडे पाहिले, मग उंबऱ्यात लेक कडेवर घेऊन उभ्या असलेल्या भाडेकरणीकडे पाहिले. दोन धोक्यांतला कोणता पत्करावा, याचा तिने प्रामाणिकपणे विचार केला. मग छत्री फाटकाशी टाकून ती धावत आली आणि दाराशी, भिंतीला चिकटून, सपनापासून जितके लांब बसता येईल तितके लांब बसली.

"काही झालं तं बघ पोरी," ती दम खात म्हणाली. "तुझ्यावर हाय सारं."

"न्हाई, मावशी. माझ्यावर काही न्हाई," सपना म्हणाली, आणि तिच्यासाठी टॉवेल आणायला वळली.